सुपरमार्केटच्या तयार पायमध्ये नक्की काय काय असतं?

कोवळंऊन

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा. पाय म्हणजे इंग्रजीतला ‘pie’, पिठाच्या आवरणात सारण भरून भाजलेला पदार्थ. गोड पाय नकोत, चिकन, स्टेक, पोर्क, चीज-कांदा अशा तिखटामिठाच्या तयार पायबद्दल बोलायचंय. माझा मुलगा इथे विद्यापीठात शिकतो, बाहेर राहतो. त्याच्या फ्रीजमध्ये हे पाय कायम असतात. थकून आल्यावर ओव्हनमध्ये सरकवला की झालं, त्यामुळे त्याला बोलही लावता येत नाही. पण परवा खोका उलटा केला आणि वाचतच राहिले. यादी उतरवून देतेय. कंपनीचं नाव मुद्दाम गाळलंय, कारण शेजारच्या खोक्यांवरही थोड्याफार फरकाने हेच होतं.

गव्हाचं पीठ (त्यात कॅल्शियम कार्बोनेट, लोह, नायसिन, थायमिन), पाणी, चिकन १९%, पाम तेल, मशरूम ७%, रेपसीड तेल, दूध, मॉडिफाइड मक्याचं स्टार्च, मीठ, चिकन अर्क, यीस्ट अर्क, दुधाची प्रथिनं, डेक्स्ट्रोज, इमल्सिफायर (मोनो- आणि डायग्लिसराइड्स), निष्क्रिय यीस्ट, कांदा पावडर, पांढरी मिरी, रंग (कॅरोटीन).

घरी करायचा तर पीठ, लोणी, चिकन, मशरूम, दूध, मीठ, मिरी एवढ्यात भागतं. मग बाकीचं कशासाठी? यातलं काय निरुपद्रवी आहे आणि कशाची खरंच काळजी करायची? कुणाला आतली माहिती असेल तर कृपया सविस्तर लिहा.

रानवारा

माझा नियम सरळ आहे. ज्या यादीत ई-क्रमांक दिसला किंवा उच्चारता न येणारं नाव दिसलं, ती वस्तू परत कपाटात. इतकी रसायनं रोज पोटात घालून मुलं मोठी होतायत याचं वाईट वाटतं.

दिंडीदरवाजा

रानवारा, तुमची कळकळ समजते, पण या नियमाने तुम्ही चुकीच्या गोष्टी टाळाल आणि चुकीच्या गोष्टी घ्याल. ई-क्रमांक म्हणजे युरोपात तपासून परवानगी मिळालेल्या पदार्थाचा नोंदणी क्रमांक. ई-३०० म्हणजे क जीवनसत्त्व, ई-१६०ए कॅरोटीन, ई-९४८ तर चक्क ऑक्सिजन. क्रमांक आहे म्हणून वाईट नाही आणि क्रमांक नाही म्हणून चांगलं नाही. वरच्या यादीत पाम तेल आणि मीठ यांना कुठलाच क्रमांक नाही, आणि माझ्या मते बघायला हव्यात त्या दोन गोष्टी तिथेच आहेत.

कॅल्शियम, लोह, नायसिन, थायमिन ही नावं बघून तर अजिबात दचकू नका. मैद्यासारख्या पांढऱ्या पिठात हे चार घालायची इथे कायद्याने सक्ती आहे. पीठ चाळताना कोंड्याबरोबर जे जातं त्यातलं काही परत घातलं जातं, कॅल्शियम तर महायुद्धाच्या काळापासून. संपूर्ण गव्हाच्या पिठाला ही सक्ती नाही.

गव्हांकुर

मी बरीच वर्षं थंड तयार जेवणं बनवणाऱ्या कारखान्यांत नवीन पदार्थ विकसित करण्याचं काम केलं आहे, त्यात पायची लाइनही होती. आता त्या नोकरीत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते. आपल्याकडचे पारी आणि सारण हे शब्द इथे नेमके बसतात, तेच वापरते.

घरचा पाय ओव्हनमधून निघून तासाभरात ताटात येतो. कारखान्यातला पाय भाजल्यानंतर आठ-दहा दिवस गारठ्यात राहतो, ट्रकमधून फिरतो, कुणाच्या तरी फ्रीजमध्ये पडून राहतो आणि मग दुसऱ्यांदा तापतो. यादीतली जवळजवळ प्रत्येक अनोळखी वस्तू या मधल्या दिवसांसाठी आहे.

सारणापासून सुरू करते. मोठ्या, वाफेच्या दुहेरी भिंती असलेल्या कढया असतात, आत खरवडत फिरणारे पाते. शिजलेलं सारण लगेच ५ अंशांच्या खाली आणावं लागतं, कारण गरम सारण पारीत ओतलं तर पारीतली चरबी वितळते आणि तळ कधीच खुसखुशीत होत नाही. मग ते गार, घट्ट सारण पिस्टनच्या पंपाने अरुंद नळीतून प्रत्येक पारीत मोजून सोडलं जातं. आता घरचं कॉर्नफ्लोर आठवा. कॉर्नफ्लोर लावलेली ग्रेव्ही दुसऱ्या दिवशी फ्रीजमधून काढली की कडेला पाणी सुटलेलं दिसतं. स्टार्चचे फुगलेले कण ढवळण्याने फुटतात, आणि गार झाल्यावर त्यातले लांब रेणू पुन्हा एकमेकांना बिलगून पाणी बाहेर ढकलतात. पायमध्ये ते पाणी थेट पारीत मुरतं. म्हणून मॉडिफाइड स्टार्च. त्यात दोन गोष्टी केलेल्या असतात: रेणूंना आडवे टाके घातलेले असतात, म्हणजे कण पंपात फुटत नाहीत, आणि रेणूंवर छोटे गट चिकटवलेले असतात, म्हणजे ते पुन्हा बिलगत नाहीत. याचा जनुकीय बदलांशी काही संबंध नाही, नावामुळे बऱ्याच जणांचा तसा समज होतो. ई-१४२२ आणि ई-१४४२ हे त्यातले नेहमीचे. पण लेबलवर नुसतं ‘मॉडिफाइड स्टार्च’ लिहिलेलं चालतं, क्रमांक द्यावा लागत नाही.

पारीची गंमत वेगळी. यंत्र मिनिटाला ढीगभर पाऱ्या लाटतं, आणि गव्हातलं ग्लुटेन ताणलं की मागे खेचतं. घरी आपण कणीक झाकून ठेवतो, कारखान्यात तेवढा वेळ नसतो. म्हणून ग्लुटेन सैल करणारं काहीतरी घालतात. पूर्वी सर्रास एल-सिस्टीन हे अमिनो आम्ल, ई-९२०. आता बरेच जण त्याऐवजी निष्क्रिय यीस्ट घालतात. त्या मेलेल्या यीस्टमधलं ग्लुटाथायोन तेच काम करतं, फक्त लेबलवर ‘यीस्ट’ वाचून कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. कोवळंऊन, तुमच्या यादीतलं निष्क्रिय यीस्ट फुगवण्यासाठी नाही, यासाठी आहे.

इमल्सिफायर बहुधा पारीतल्या मार्गारिनमधून आलाय, तेल आणि पाणी एकत्र धरायला. दुधाची प्रथिनं आणि डेक्स्ट्रोज ही साखर वरच्या चकाकीत असणार. ताजं अंडं फासण्याऐवजी हे फवारतात, भाजल्यावर तसाच सोनेरी रंग येतो. कॅरोटीनही रंगासाठीच. त्याचं पोषणाशी देणंघेणं नाही, खाणाऱ्याला लोण्याचा भास व्हावा एवढंच. हे मला कधीच पटलं नाही आणि बैठकीत तसं बोललेही होते.

सुगरणखोपा

वा, किती स्वच्छ समजावलंत! एक शंका. यादीत जे नाही तेही आत असू शकतं का?

गव्हांकुर

असू शकतं, आणि याबद्दल लोकांना जास्त माहिती हवी असं मला मनापासून वाटतं.

एक म्हणजे प्रक्रियेपुरते वापरलेले पदार्थ, उदाहरणार्थ पिठावर काम करणारी काही एन्झाइम्स. भाजल्यावर ती निकामी होतात, तयार पदार्थात त्यांचं काही काम उरत नाही, म्हणून ती यादीत येत नाहीत. दुसरं, घटकातून आलेलं. समजा सारणात घातलेल्या मसाल्याच्या मिश्रणात गुठळ्या होऊ नयेत म्हणून काही घातलं होतं आणि पायमध्ये त्याचं काही काम नाही, तर ते नाव गाळता येतं. मात्र ॲलर्जीच्या १४ गटांपैकी काही असेल तर ते कसंही आलेलं असो, लिहावंच लागतं, आणि यादीत ठळक करून लिहावं लागतं. या बाबतीत इथले नियम चांगले कडक आहेत.

तिसरं मला सगळ्यात खटकतं. ‘कृत्रिम काही नाही’ असं खोक्यावर छापता यावं म्हणून केलेल्या अदलाबदली. रासायनिक बदल केलेल्या स्टार्चऐवजी उष्णता आणि ओलावा देऊन तसंच कणखर केलेलं स्टार्च मिळतं, ते लेबलवर साधं ‘मक्याचं स्टार्च’ होतं. चवीच्या ई-६२१ (मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे अजिनोमोटो) ऐवजी यीस्ट अर्क, त्यातही ग्लुटामेटच असतं. यात बेकायदा लपवाछपवी काही नाही आणि यातलं काही घातकही नाही. पण यादी आखूड झाली म्हणजे पाय घरच्यासारखा झाला असं समजून लोक जास्त पैसे मोजतात, आणि पाय मात्र त्याच लाइनवरून, त्याच पंपातून आलेला असतो.

मेतकूट

आम्ही शाकाहारी, म्हणून चीज-कांदा पाय घेतो. आमच्यासारख्यांनी काय बघायचं?

दिंडीदरवाजा

खोक्यावर ‘शाकाहारींसाठी योग्य’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. आतलं सारण शाकाहारी असलं तरी पारीत लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, असू शकते. सुएट लिहिलेलं असेल तर ती परंपरेने गाईच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी, शाकाहारी सुएट वेगळं मिळतं. चीजमध्ये प्राण्याचं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विकर, असू शकतं. वुस्टर सॉसमध्ये सहसा अँचोव्ही मासे असतात, तेवढं मात्र ठळक अक्षरांत सापडेल कारण मासे ॲलर्जीच्या यादीत आहेत. लार्ड नाही, त्यामुळे ते बारीक अक्षरांत शोधावं लागतं.

मांसाहारी पण गोमांस न खाणाऱ्यांनीही चिकन पायची यादी शेवटपर्यंत वाचावी, ग्रेव्हीत बीफचा अर्क असू शकतो. आणि नुसतं ‘प्राणिज चरबी’ एवढंच लिहिलेलं असेल तर कुठल्या प्राण्याची ते कंपनीला विचारल्याशिवाय कळत नाही, नियमाने तेवढं लिहिलेलं पुरतं.

गव्हांकुर

दिंडीदरवाजा यांच्या यादीत दोन भर. मोनो- आणि डायग्लिसराइड्स, म्हणजे ई-४७१, वनस्पती तेलातूनही बनतात आणि प्राणिज चरबीतूनही, आणि स्रोत लिहायचं बंधन नाही. एल-सिस्टीन पक्ष्यांच्या पिसांपासूनही काढतात आणि जंतूंकडून आंबवूनही बनवतात. शाकाहारी असल्याचं लिहिलेल्या पायमध्ये या दोन्हींची खातरजमा केलेली असते.

रानवारा

ठीक आहे, ई-क्रमांकांवरचं माझं मत थोडं मऊ झालंय. पण १९% चिकन? नाव चिकन पाय आणि चिकन पाचवा हिस्साही नाही?

सुगरणखोपा

रानवारा, १९% तर चांगलंच म्हणायचं! मी एकदा इथले नियम शोधून वाचले होते आणि थक्क झाले. इंग्लंडमध्ये २०१४ चे मांसाच्या पदार्थांचे नियम आहेत. २०० ग्रॅमपेक्षा मोठ्या साध्या मीट पायमध्ये कच्च्या वजनावर किमान १२.५% मांस हवं. १०० ते २०० ग्रॅमचा असेल तर ११%, त्याहून लहान असेल तर १०%. आता पुढचं वाचा. मांसाच्या जोडीला नावात दुसरा पदार्थ असेल, आणि मांसाचं नाव आधी असेल, तर ७% पुरतं. दुसऱ्या पदार्थाचं नाव आधी असेल तर ६%. पेस्टी (दुमडून कडा बंद केलेला पाय) आणि सॉसेज रोललाही ६%.

म्हणजे २५० ग्रॅमच्या स्टेक-मशरूम पायमध्ये साडेसतरा ग्रॅम मांस असलं तरी कायद्याने तो स्टेक-मशरूम पायच. चहाच्या बशीत ठेवलं तर दोन लहान तुकडे. बऱ्याच कंपन्या याच्या दुप्पट-तिप्पट घालतात हे खरं, पण किमान रेषा इतकी खाली आहे हे लोकांना माहीत असायला हवं. नावात उल्लेख असलेल्या घटकाची टक्केवारी यादीत द्यावीच लागते, म्हणून मी दुकानात उभी राहून आधी तोच आकडा बघते.

गव्हांकुर

अगदी. आणि त्या आकड्यात मांस म्हणजे काय हेही ठरलेलं आहे. यंत्राने हाडांवरून ओरबाडून काढलेला लगदा मांस म्हणून धरता येत नाही, तो वेगळा लिहावा लागतो. चरबी आणि संयोजी ऊती ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या तर जास्तीची चरबी ‘बीफ फॅट’ किंवा ‘पोर्क फॅट’ अशी स्वतंत्र दाखवावी लागते. त्यामुळे यादीत मांसाच्या जोडीला त्याच प्राण्याची चरबी स्वतंत्र दिसली तर काय प्रतीचं मांस वापरलंय याचा अंदाज येतो.

तिसरीघंटा

उशिरा आलो. एक महत्त्वाची गोष्ट कुणीच लिहिली नाही: अतिप्रक्रिया. ब्राझीलच्या साओ पाउलो विद्यापीठातले कार्लोस मोंतेइरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हा नावाचं वर्गीकरण मांडलं, त्यात हे पाय चौथ्या, म्हणजे अतिप्रक्रिया केलेल्या गटात जातात. २०१९ मध्ये अमेरिकेत केव्हिन हॉल यांच्या गटाने २० जणांना दोन-दोन आठवडे दोन प्रकारचा आहार दिला. दोन्हींत ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, मीठ, तंतू सारखेच, आणि हवं तेवढं खायची मुभा. अतिप्रक्रिया केलेल्या आहारावर लोकांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. एकेक घटक निरुपद्रवी आहे म्हणून अख्खा पदार्थ निरुपद्रवी ठरत नाही.

दिंडीदरवाजा

हॉल यांचा प्रयोग मीही महत्त्वाचा मानतो, कारण तो नियंत्रित होता. पण तो लहान होता, आणि अतिप्रक्रियेतलं नेमकं काय जास्त खायला लावतं हे त्यातून ठरलं नाही. मऊपणामुळे भराभर खाल्लं जातं, घासागणिक कॅलरी जास्त येतात, अशी बरीच कारणं पुढे आली आहेत. ब्रिटनच्या पोषणविषयक वैज्ञानिक सल्लागार समितीने २०२३ मध्ये हेच म्हटलं: अतिप्रक्रिया आणि आजार यांचा संबंध दिसतो आणि तो चिंतेचा आहे, पण तो प्रक्रियेमुळे आहे की त्या पदार्थांतल्या मीठ, संपृक्त चरबी आणि कॅलरींमुळे, हे वेगळं काढता आलेलं नाही.

इमल्सिफायरबद्दलही प्रामाणिकपणे सांगायला हवं. फ्रान्समधल्या न्यूट्रिनेट-सांते या मोठ्या पाहणीतून २०२४ मध्ये ई-४७१ जास्त खाणाऱ्यांत कर्करोगाचं प्रमाण जास्त दिसलं. ती निरीक्षणं आहेत, त्यातून कारण सिद्ध होत नाही. म्हणून मी घाबरत नाही, पण डोळेझाकही करत नाही.

कोवळंऊन

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, खूप आभार. माझा मुलगा गार पोर्क पायही खातो, ओव्हनशिवाय. त्यात आणखी काही वेगळं?

गव्हांकुर

हो. आधी मांसाचा रंग बघा. कापल्यावर आतलं मांस गुलाबी असेल तर बहुधा त्यात सोडियम नायट्राइट, ई-२५०, घातलेलं आहे. ताजं डुकराचं मांस शिजवलं की करड्या रंगाचं होतं. मेल्टन मोब्रे या इंग्लंडमधल्या गावाच्या पोर्क पायला भौगोलिक नामाचं संरक्षण आहे, आणि त्याच्या नियमांत ताजं, न खारवलेलं मांस लागतं. म्हणून तो आतून करडा असतो, आणि साच्याशिवाय भाजल्यामुळे कडेने पोट सुटल्यासारखा फुगीर. कृत्रिम रंग, चव आणि परिरक्षक त्यात चालत नाहीत, आणि मांस किमान ३०% हवं. वरच्या १२.५% शी ताडून बघा.

मांस आणि पारी यांच्यामधली जेली बघून तुम्हाला वाटेल ही नवी भेसळ आहे. उलट ती सगळ्यात जुनी युक्ती आहे. भाजताना मांस आकसतं, पोकळी राहते. झाकणाच्या भोकातून तिथे गरम जिलेटिनचा रस्सा ओततात, तो गोठला की हवा आत राहत नाही. कारखान्यात हेच सुईने टोचून करतात.

नायट्राइट मात्र नुसत्या रंगासाठी नाही, बॉट्युलिझम या घातक अन्नविषबाधेच्या जंतूंनाही ते आवरतं. पण २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं, आणि रोज ५० ग्रॅममागे आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८% वाढतो असं सांगितलं. हा वाढीव धोका मूळच्या धोक्यावरचा आहे, शंभरातल्या १८ जणांना होतो असा याचा अर्थ नाही. तरी पण ताई, मुलाला गुलाबी पोर्क पाय रोज खाऊ नको असं मी नक्की सांगेन. या अख्ख्या धाग्यात बाहेरून घातलेल्यांपैकी मला खरंच काळजी करण्यासारखा वाटलेला पदार्थ नायट्राइट हा एकच.

सुगरणखोपा

आणि मीठ-चरबीचे आकडे? दिंडीदरवाजांनी सुरुवातीला म्हटलं आणि तिथेच राहिलं.

दिंडीदरवाजा

लिहितो. २५० ग्रॅमचा एक पाय घ्या, १०० ग्रॅममागे ६ ग्रॅम संपृक्त चरबी आणि ०.९ ग्रॅम मीठ धरा, हे आकडे पायसाठी अजिबात जगावेगळे नाहीत. अख्ख्या पायमधून १५ ग्रॅम संपृक्त चरबी आणि सव्वादोन ग्रॅम मीठ गेलं. इथला सल्ला प्रौढाला दिवसाला जास्तीत जास्त ६ ग्रॅम मीठ, संपृक्त चरबी पुरुषाला ३० ग्रॅम आणि स्त्रीला २० ग्रॅम. म्हणजे पुरुषाच्या दिवसभराच्या मर्यादेतली निम्मी संपृक्त चरबी एका पायमध्येच. पाम तेलात निम्म्याच्या आसपास चरबी संपृक्तच असते. पूर्वी वापरलं जाणारं अंशतः हायड्रोजनेटेड तेल ट्रान्स फॅटमुळे गेलं हे फार चांगलं झालं, पण त्याची जागा मुख्यतः पामने घेतली.

खोक्यावर चरबी-मिठाच्या प्रमाणासाठी दिलेला लाल-पिवळा-हिरवा रंग बघताना तो किती पायसाठी आहे तेही वाचा. मोठ्या पायवर बऱ्याचदा ‘अर्धा पाय’ किंवा ‘पाव पाय’ धरून आकडे असतात. विद्यार्थी अर्धा पाय परत फ्रीजमध्ये ठेवेल असं मला तरी वाटत नाही.

कोवळंऊन

नाही ठेवत! मुलाला हा धागाच पाठवलाय. दुकानात मांसाची टक्केवारी, संपृक्त चरबी आणि मीठ एवढे तीन आकडे बघ असं सांगितलं. तो म्हणाला, आठवड्यातून काही रात्री पायऐवजी चिकन आणि फ्रोझन भाज्या एकाच ट्रेमध्ये भाजेन, वेळ तेवढाच लागतो. मला तेवढं पुरे आहे.

गव्हांकुर

छान! जाता जाता एक सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी घाबरून नवा धागा काढणार नाही. डिसेंबर २०२६ पासून इथल्या पांढऱ्या गव्हाच्या पिठात फॉलिक ॲसिड घालणं सक्तीचं होतंय. तेव्हा पायच्या यादीत कॅल्शियम, लोह, नायसिन, थायमिन यांच्या पंक्तीत आणखी एक नाव येईल. गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीला, बहुतेक बायकांना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं तेव्हा, बाळाचा मणका आणि मेंदू नीट घडण्यासाठी ते लागतं. ते नाव वाचून खोका परत ठेवू नका.

रानवारा

लक्षात ठेवतो, गव्हांकुर. आणि तुमच्या त्या निष्क्रिय यीस्टबद्दल आमच्या ऑफिसात सांगितलं, दोघांनी डब्यातला खोका तिथल्या तिथे उलटा करून बघितला. दोन्हींत होतं.